विश्लेषण : शर्यत संपण्याआधीच जल्लोष… आणि ०.०९ सेकंदाने हुकलेले कांस्यपदक!

दहा हजार मीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर २५ फेऱ्या. त्यातल्या अखेरच्या पावलाला एक पदक हातातून निसटले. २०१५च्या बीजिंग जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत अमेरिकेच्या मॉली हडलबाबत हे घडले.

नेमके काय झाले?

२४ ऑगस्ट २०१५, ‘बर्ड्स नेस्ट’ स्टेडियम. केनियाची व्हिव्हियन चेरुइयोट ३१ मिनिटे ४१.३१ सेकंदांत पहिली आली. २०१३मध्ये आई झाल्यानंतर तिने मिळवलेले हे सुवर्ण. इथिओपियाची गेलेते बुर्का अवघ्या ०.४६ सेकंदाने मागे. तिसऱ्या स्थानावर हडल होती. रेषा समोर दिसताच तिने हात उंचावले आणि वेग किंचित ओसरला. आतल्या बाजूने तिचीच देशभगिनी एमिली इन्फेल्ड धावत होती. ती थांबली नाही. इन्फेल्ड ३१:४३.४९, हडल ३१:४३.५८. त्या वेगात हे अंतर जेमतेम अर्ध्या मीटरचे! मागून कोणी इतके जवळ आले आहे, याची हडलला कल्पनाच नव्हती.

निकाल कसा ठरतो?

अनेकांना वाटते, ज्याचा पाय किंवा डोके आधी पोहोचेल तो पुढे. तसे नाही. नियमानुसार धावपटूचे धड अंतिम रेषेच्या अलीकडच्या कडेच्या पातळीवर कधी पोहोचले, हेच पाहिले जाते. डोके, मान, हात, पाय यांपैकी काहीही मोजत नाहीत. म्हणूनच धावपटू शेवटी छाती पुढे झोकून देतात. हात वर करताना नेमके उलटे होते, शरीर ताठ होते आणि छाती मागे राहते.

फोटो-फिनिश कॅमेरा फक्त त्या रेषेचीच अरुंद पट्टी सेकंदाला हजारपेक्षा अधिक वेळा टिपतो. त्यामुळे ०.०९ सेकंद आपल्याला क्षुल्लक वाटले, तरी त्या चित्रात दोघींमधले अंतर स्पष्ट दिसते.

इतकी चुरस का झाली?

कारण शर्यत संथ होती. सरासरी फेरी ७६ सेकंदांची. तेव्हाचा विश्वविक्रम चीनच्या वांग जुनशियाचा २९:३१.७८, म्हणजे फेरीला ७१ सेकंदांहून कमी. (तो १९९३मध्ये बीजिंगमध्येच झाला होता.) जागतिक स्पर्धेत वेग राखून देणारा ‘पेसमेकर’ नसतो आणि पदकासाठी वेळ नव्हे, क्रमांक लागतो. मग पुढे होऊन वाऱ्याचा मार कोण खाणार? सगळ्या जणी घोळक्यात राहतात, ताकद जपतात आणि खरी शर्यत शेवटच्या काही फेऱ्यांत होते. अशा वेळी मागे कोण आहे हे गृहीत धरणे महागात पडते.

याच स्पर्धेत साताऱ्याच्या ललिता बाबरने ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून आठवे स्थान मिळवले होते.

पुढे काय?

वर्षभराने रिओ ऑलिम्पिकमध्ये हडल ३०:१३.१७ अशी अमेरिकी विक्रमी वेळ देत धावली. बीजिंगपेक्षा तब्बल दीड मिनिट वेगवान. पण त्या दिवशी इथिओपियाच्या अल्माझ अयानाने २९:१७.४५ असा नवा विश्वविक्रम रचला. हडल सहावी आली. जागतिक स्पर्धेतील ट्रॅकवरचे पदक तिला पुढेही मिळाले नाही.