मिश्र कुळाची फटफटी

जुन्या वस्तूला बाजारात भाव आला, की ती वापरातून उठते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. वाडा पाडल्यावर निघालेला दरवाजा कोणाच्या तरी दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभा राहतो. त्यातून पुन्हा कोणी आत-बाहेर करीत नाही. ब्रिटनमधील जुन्या मोटोक्रॉस फटफट्यांचे हल्ली असेच झाले आहे. बी. एस. ए. कंपनीची 'गोल्ड स्टार' किंवा रिकमन बंधूंची 'मेटिस' या गाड्यांना आज पाच आकडी पौंडांत किंमत येते, आणि ज्यांच्यापाशी एवढे पैसे असतात त्यांच्यापैकी बरेच जण ती गाडी चिखलात घालू इच्छीत नाहीत. वस्तुतः ही वाहने जन्मली ती चिखलासाठीच. दिवा नाही, हॉर्न नाही, मागे बसणाऱ्याची सोय नाही. शेतातल्या चढउतारांवरून, चाकोऱ्यांतून आणि वाळूतून शर्यतीत धावणे एवढेच त्यांचे काम.

तथापि ब्रिटनमध्ये रविवारी एखाद्या शेतकऱ्याच्या माळावर अजूनही अशा शर्यती होतात. १९६५ पूर्वीच्या धाटणीच्या गाड्यांचा एक स्वतंत्र वर्गच तेथे मानला जातो व 'प्री-सिक्स्टीफाइव्ह' या नावाने तो ओळखला जातो. त्यांत भाग घेणारे सगळेच धनिक नसतात. तेव्हा पगारावर जगणाऱ्या माणसाने, एखाद्या शाळामास्तराने किंवा टपाल कचेरीतल्या कारकुनाने, अशी गाडी स्वतः उभी करायची म्हटले तर ते शक्य आहे काय? माझे उत्तर होकारार्थी आहे. फक्त त्याने नावाचा मोह सोडला पाहिजे. आणि हा मोह सोडण्यात काही कमीपणा आहे असेही नाही. किंबहुना या खेळाचा इतिहास पाहिला तर तुटपुंज्या पैशांत, सुट्या भागांची जुळवाजुळव करून उभी केलेली गाडी हीच त्यातली अस्सल गाडी होय, असे म्हणावे लागते.

या खेळाचा जन्मच मुळी थोड्या अनौपचारिकपणे झाला. २९ मार्च १९२४ रोजी सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे काही हौशी मंडळींनी माळरानावर शर्यत भरवली. चालकाच्या कौशल्याला गुण देणारे निरीक्षक तीत नव्हते, त्यामुळे तिला रूढ अर्थाने 'ट्रायल' म्हणता येईना. म्हणून तिचे नाव पडले 'स्क्रॅम्बल'. मराठीत याला 'धडपड' हा शब्द चपखल बसतो, कारण त्यात धडपडणे आणि पडणे या दोन्ही क्रिया आल्या. पुढे यूरोप खंडात या खेळाला मोटोक्रॉस हे नाव रूढ झाले. १९४७ साली हॉलंडमध्ये राष्ट्राराष्ट्रांच्या संघांची पहिली स्पर्धा झाली, ती ब्रिटनने जिंकली. नंतरच्या वीस वर्षांत ब्रिटिश संघ तीत पुनःपुन्हा विजयी झाला. १९६३ ते १९६७ अशी सलग पाच वर्षे तर हा मान त्यांच्याकडेच होता. त्यानंतरचा विजय मिळायला मात्र १९९४ साल उजाडावे लागले. या मधल्या सत्तावीस वर्षांत ब्रिटनचा मोटारसायकल उद्योग जवळजवळ नाहीसा झाला होता.

रिकमन बंधूंची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. डॉन आणि डेरेक रिकमन हे हॅम्पशरमधील न्यू मिल्टन येथील दोघे भाऊ स्वतः उत्तम चालक होते. कारखान्यांतून मिळणारी कोणतीही एक गाडी त्यांना सर्वांगाने पसंत पडेना. तेव्हा १९५०-६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एका कंपनीचे इंजिन, दुसरीचा गिअरबॉक्स, तिसरीचे पुढचे फोर्क असे भाग एकत्र आणून आपली गाडी जुळवली आणि तिला नाव दिले 'मेटिस'. या फ्रेंच शब्दाचा अर्थ संकरित, मिश्र कुळाची. नंतर त्यांनी स्वतःची फ्रेम बनवली. 'रेनल्ड्स ५३१' या नावाच्या पोलादी नळ्यांची, निकेलचा मुलामा दिलेली, देखणी आणि काटक. इंजिनाचे तेल वेगळ्या टाकीऐवजी त्या फ्रेमच्या नळ्यांतच साठवले जाई, म्हणजे तेवढे वजन वाचले. आज जिच्यापुढे संग्राहक हात जोडून उभे राहतात ती गाडी आपल्या नावातूनच सांगते आहे, की माझे कूळ विचारू नका.

याहूनही बोधक कथा बी. एस. ए.ची आहे. ही अक्षरे मराठी वाचकाला सायकलवरून परिचित आहेत. 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स' हे तिचे पूर्ण नाव, आणि १८६१ साली स्थापन झाली तेव्हा ती बंदुका बनवणारी कंपनी होती. १९५८ साली तिने 'सी-१५' नावाची २४७ सी. सी.ची साधी, स्वस्त गाडी बाजारात आणली. १९६१ पासून ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकांना २५० सी. सी.पर्यंतच्याच गाड्या चालवण्याची मुभा राहिली. त्यामुळे ही गाडी घरोघर पोचली. सकाळी डबा घेऊन कामावर जाणाऱ्यांची ती गाडी. तिचेच सिलिंडर रुंद करून ३४३ सी. सी.ची 'बी-४०' निघाली. कंपनीच्या शर्यत विभागाने हे इंजिन आणखी वाढवून ४२० सी. सी.चे केले, आणि जेफ स्मिथने १९६४ साली त्याच वंशाच्या गाडीवर ५०० सी. सी. वर्गाचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. १९६५ साली त्याने ते पुन्हा मिळवले. कारकुनाच्या वाहनाच्या पोटी जगज्जेता जन्माला आला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. त्या वर्गात चार-स्ट्रोक इंजिनाला पुन्हा अजिंक्यपद मिळाले ते थेट १९९३ साली.

आणि पैसा ओतल्याने काय झाले? १९६६ साली कंपनीने स्मिथसाठी टायटॅनियम धातूची फ्रेम बनवली. वजन घटले, पण हा धातू हवेच्या संपर्कात नेहमीच्या पद्धतीने जोडता येत नाही. मैदानावर फ्रेमला तडा गेला तर साध्या वेल्डिंगने तो बुजवण्याची सोय नव्हती. अजिंक्यपद त्या वर्षी पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीड्रिख्सने चेकोस्लोव्हाकियात बनलेल्या 'सी-झेड' या दोन-स्ट्रोक गाडीवर जिंकले. पुढची दोन वर्षेही तेच घडले.

तेव्हा आपल्या शाळामास्तराने गोल्ड स्टारच्या जाहिराती वाचणे सोडून सी-१५ किंवा बी-४० शोधावी, हे उत्तम. तीही धड गाडी नको. इंजिन एकीकडे, चाके दुसरीकडे, कागदपत्रे गहाळ, अशी एखाद्याच्या छपरात धूळ खात पडलेली. ब्रिटनमध्ये अशा सुट्या भागांचे बाजार भरतात, त्यांना 'ऑटोजंबल' म्हणतात. हॅम्पशरमधील ब्यूली येथे १९६७ पासून भरणारा बाजार त्यांत प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या जुन्या बाजाराची ज्यांना सवय आहे त्यांना तेथे परके वाटू नये. गंजलेल्या ढिगातून नेमका भाग हुडकणे आणि मग तो नकोच आहे असा चेहरा करून भाव विचारणे, ही कला दोन्हीकडे सारखीच. १९६७ पासून ब्रिटिश सैन्यासाठी बनलेल्या बी-४० गाड्यांची इंजिने मिळाली तर ती घ्यावीत. त्यांत तेल गाळण्याची अधिक चांगली सोय आहे आणि क्रँकची बेअरिंगेही सुधारलेली आहेत.

कारण या घराण्याचे खरे दुखणे तेथेच आहे. सुरुवातीच्या सी-१५मध्ये क्रँकच्या एका बाजूला साधे बुश बेअरिंग होते. ते झिजले, की त्यातून तेल निसटते आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला पुरेसे पोचत नाही. रस्त्यावर हळू चालणाऱ्या गाडीत हे वर्षानुवर्षे खपून जाईल. शर्यतीत, चढावर इंजिन ओरडत असताना, ते दहा मिनिटेही खपणार नाही. म्हणून माझ्या मते उपलब्ध पैशांचा सर्वांत मोठा वाटा इंजिनाच्या या खालच्या अर्ध्या भागावर, जो कोणालाच दिसत नाही त्यावर, खर्च झाला पाहिजे. चांगल्या लेथवाल्याकडून क्रँक तासून घ्यावी, बेअरिंगे नवी घालावीत. ठिणगीची जुनी व्यवस्था, म्हणजे सिलिंडरमागे उभा असलेला डिस्ट्रिब्यूटर, फार त्रास देतो. नंतरच्या इंजिनांत ती बाजूच्या झाकणाखाली गेली, तेवढी एक सोय. उलट पिस्टन बदलून, दाब वाढवून शक्ती मिळवण्याच्या मागे प्रथमच लागू नये. माळावरच्या शर्यतीत जिंकतो तो न थांबणारा.

मग फ्रेम. रस्त्यावरच्या फ्रेमवरील दिव्याचे, सायलेन्सरचे, मागच्या पायट्यांचे कान कापून काढले आणि ताण येतो त्या कोपऱ्यांत आधाराच्या पट्ट्या जोडल्या, तर ती काम देते. तेल पोटात ठेवणारी फ्रेम हाती लागली तर एक पथ्य पाळावे. गंज काढण्यासाठी तिच्यावर वाळूचा मारा केलेला असेल तर नळीत राहिलेला एक चिमूटभर कण नव्या बेअरिंगांची माती करतो. तेव्हा ती धुवावी, पुन्हा धुवावी आणि शेजाऱ्याने कंटाळून विचारले तरी तिसऱ्यांदा धुवावी. चाकांना जुने हब चालतात. स्पोक आणि रिम मात्र नव्या असाव्यात. ब्रेक व शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांत काटकसर करू नये. चकाकी, मुलामा, टाकीवरचे सोनेरी पट्टे हे सगळे राहिले तरी चालेल. पहिल्या फेरीनंतर सगळ्यांच्या गाड्यांचा रंग एकच असतो.

येथे पान्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण नवख्याचा पहिला आठवडा त्यातच जातो. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली बोल्टच्या आट्यांचे एक प्रमाण ठरवून दिले. त्याच्या पान्यावर जो आकडा असतो तो बोल्टच्या दांड्याचा व्यास, डोक्याची रुंदी नव्हे. म्हणजे पाव इंच लिहिलेला पाना प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहून रुंद असतो. त्यात सायकलवाल्यांचे आटे वेगळे, आणि नंतर अमेरिकी पद्धतीचे आटेही आले. हे सगळे एकाच इंजिनावर गुण्यागोविंदाने नांदत असतात. मिलिमीटरच्या पान्याने घाई केली की बोल्टचे डोके गोल होते, आणि मग त्या माणसाच्या तोंडी जी भाषा येते ती येथे छापण्याजोगी नाही. जुन्या बुलेटवर काम केलेल्या आपल्याकडच्या मिस्त्रींना हे नवे नाही. उजव्या पायाखाली गिअर आणि डाव्या पायाखाली ब्रेक, ही जुनी ब्रिटिश रीतही त्यांना बुलेटमुळेच ठाऊक आहे.

भारताचा संबंध इतकाच नाही. या गाड्यांसाठी ब्रिटनमध्ये आज जे नवे मडगार्ड, टाक्या आणि सायलेन्सर स्वस्तात मिळतात त्यांपैकी बरेच भारतात घडलेले असतात. ते घेणारा भोके जुळत नाहीत म्हणून कुरकुरतो आणि कानस हातात घेतो. पण तेही नसते तर त्याची गाडी उभीच राहिली नसती. खुद्द बी. एस. ए. हे नाव २०१६ साली महिंद्र समूहाशी निगडित कंपनीने विकत घेतले, नॉर्टन २०२० साली टी. व्ही. एस.कडे आली, आणि रॉयल एनफील्ड तर मद्रासच्या कारखान्यामुळेच जगली. बर्मिंगहॅमच्या एखाद्या निवृत्त फिटरला याचे काय वाटत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. अशी जुळवाजुळव करताना आपण इतिहासाची नासाडी करीत नाही काय, असे विचारले जाते. हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. रस्त्यावर धावणारी, सर्व भाग मूळचे असलेली सी-१५ कापून तिची शर्यतीची गाडी करणे मला अयोग्य वाटते. जी आधीच मोडली आहे तिच्यावरच हा प्रयोग व्हावा. परंतु त्याहून मोठा अपराध वेगळाच आहे. साध्या 'बी-३३'च्या इंजिनाचा व्यास आणि धाव गोल्ड स्टारइतकीच, ८५ आणि ८८ मिलिमीटर. थोडी कारागिरी केली की ती तशी दिसू लागते, आणि कोणी तिच्यावर खोटे क्रमांक ठोकून ती गोल्ड स्टार म्हणून विकतो. जुळवलेली गाडी जुळवलेली म्हणून मैदानात आणणाऱ्याला हे पाप लागत नाही. संकर लपवला, की त्याची फसवणूक होते.

१९७१ साली बी. एस. ए.चा शर्यत विभाग बंद पडला, आणि १९७३ साली मूळ कंपनीचे स्वतंत्र अस्तित्वही संपले. त्या विभागाचे उरलेले सुटे भाग ॲलन क्ल्यूज नावाच्या बोल्टनच्या चालकाने विकत घेतले आणि त्यांतून तो घरच्या घरी गाड्या जुळवू लागला. त्याच्या 'सी. सी. एम.' गाड्या पुढे जागतिक स्पर्धांत जपान्यांच्या दोन-स्ट्रोक गाड्यांशी झुंजल्या. ज्या मालाला मोठ्या कंपनीच्या हिशेबनिसांनी निकामी ठरवले होते, त्यावर एका माणसाने कारखाना उभारला. आज त्या पिढीतले, नुसत्या आवाजावरून झडपेची फट ओळखणारे मिस्त्री म्हातारे झाले आहेत. एखाद्या शनिवारी संध्याकाळी घरामागच्या छपरात त्यांच्यापैकी कोणी शेजारच्या मास्तराला, पिस्टन वरच्या टोकापासून किती खाली असताना ठिणगी पडली पाहिजे, हे सायकलच्या स्पोकवर खूण करून दाखवीत असतो. स्पोक भोकातून आत जाते, मास्तर चाक हळूच मागे फिरवतो, आणि म्हातारा हात वर करून त्याला थांबायला सांगतो.