टायरची बाजू वाचणारा माणूस

गळीत हंगाम तोंडावर आला की सातारा-सांगली पट्ट्यातल्या टायरच्या दुकानांत रांग लागते. तेव्हाच जा, असं संपादकांनी बजावलं होतं. कराड ते पेठ नाका या टप्प्यात महामार्गालगतच्या एका दुकानात थांबलो. इतिहास दोन ओळींत उरकतो. १८८७-८८ मध्ये बेलफास्टला जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला. १९४६ मध्ये मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट घेतलं.

मी अडकलो तो दुकानातल्या फिटरपाशी. गिऱ्हाईक टायरची नक्षी निरखतं, हा खाली वाकून बाजू बघतो. काळ्यावर काळी अक्षरं नीट दिसत नाहीत, म्हणून आधी खडू घासतो. मग अक्षरं पांढरी होऊन उठतात.

"आता वाचा, साहेब."

१८५/६५ आर १५ ८८ एच. रुंदी १८५ मिलिमीटर. बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १५ इंचांची रिम. ८८ हे थेट वजन नव्हे, कोष्टकातला क्रमांक आहे. त्याचा अर्थ एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. त्याच बाजूला कमाल दाब ४४ पीएसआय असा छापलेला असतो आणि तेवढीच हवा मारा म्हणून लोक हट्ट धरतात. ती टायरची वरची मर्यादा. गाडीला किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, आणि तो आकडा बहुधा बराच कमी असतो.

फिटरचा खरा जीव तारखेत. लंबगोलातले चार आकडे : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बाकीची अक्षरं साच्यातच कोरलेली. आठवड्याची तेवढी बारीक पट्टी कारखान्यात बदलत राहतात. हे आकडे बहुतेक टायरांना एकाच बाजूला असतात. ती बाजू आत गेली, तर वाचायला गाडीखाली शिरावं लागतं. हा मात्र फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा 'आउटसाइड' अशी सूचना नसेल, तर तारीख बाहेरच ठेवतो. नव्या टायरवरचा पिवळा ठिपका तो वॉल्व्हसमोर आणतो. टायर जिथे सर्वांत हलका, तिथे तो ठिपका असतो. वॉल्व्हच्या वजनाने तोल साधतो.

"नक्षी बघून घेणारा फसतोय," तो म्हणाला आणि एक जुना टायर पुढे ओढला. खाचा चांगल्या खोल होत्या. बाजूच्या वरच्या कडेला बारीक त्रिकोण होता. त्रिकोणाच्या रेषेत खाचेच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचा रबराचा उंचवटा असायला हवा. नक्षी झिजून त्याला टेकली की टायर संपला. मोटारींसाठी कायद्याची हद्दही तीच. इथे उंचवटाच नव्हता. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्याने कुणीतरी नव्या खाचा पाडल्या होत्या आणि त्यात तो कापला गेला होता. त्रिकोण तेवढा जागेवर राहिला होता.

रिमोल्डचं वेगळं. चांगल्या सांगाड्यावर नीट रबर चढवलं, तर ट्रकचा टायर पुन्हा कामाला येतो, त्यात लबाडी नाही. पण मूळ तारीख सांगाड्याचीच. वरून कोरा दिसणारा टायर आतून किती वर्षांचा, हे बाजूच सांगते.

कारवाल्यांना हे समजावता येतं. त्याची काळजी आहे ती उसाच्या गाड्यांची. ट्रकच्या टायरवर १४६/१४३ के असं असतं : एकेरी चाकाला ३००० किलो, जोडचाकाला प्रत्येकी २७२५, वेग ताशी ११०. ट्रॅक्टरच्या टायरवर ए८ असेल, तर ताशी ४०. बैलांच्या टायरगाडीच्या टायरवर एडीव्ही अशी अक्षरं असतात, म्हणजे तो जनावरांनी ओढायच्या गाडीसाठीच बनवलेला. आता त्याच गाड्या ट्रॅक्टरमागे जोडून धावतात. बैलाच्या चालीसाठी केलेला टायर डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टरच्या वेगाने पळतो. वर उसाच्या मोळ्या रचलेल्या, पाठीमागे दिवा नाही.

तोडणीची टोळी दिवसाला किती टन भरते, यावर मजुरी आणि उचल फिटणं अवलंबून. वाहतूकदाराचे पैसेही टनावरच. अशा वेळी नवा टायर घ्या म्हणणं सोपं आहे. पैसे कुणी घालायचे, हा प्रश्न त्याला रोज विचारला जातो आणि त्याच्याकडे उत्तर नसतं. म्हणून तोही जुन्यांतला त्यातल्या त्यात बरा निवडून चढवतो. रस्त्यात फुटला की पुन्हा त्यालाच फोन.

खरं तर तपासणीची जागा आयतीच आहे. प्रत्येक गाडी साखर कारखान्याच्या काट्यावर चढते आणि तिचं वजन कागदावर येतं. टायर किती पेलतो, हे टायरवर छापलेलं असतं. हंगामाआधी वाहतुकीचा करार होतो तेव्हाच खडू घेऊन एक माणूस यार्डात फिरवावा, तारीख आणि भार लिहून घ्यावा, आणि नव्या टायरचा खर्च दरात धरावा. टनाचा हिशेब किलोपर्यंत ठेवणाऱ्यांना हे जमणार नाही, असं म्हणायला जागा नाही.