फिश टँक मोठा, पाणी मात्र बेताचे

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी लातूरला आली. १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. अशा मुलखात घरी मोठा फिश टँक ठेवावा काय? आमचे म्हणणे, जरूर ठेवावा. पण पाण्याचा जमाखर्च समजून घेऊन.

४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये सुमारे २५० लिटर पाणी मावते. म्हणजे पाण्याचेच वजन अडीच क्विंटल! तो टेबलावर न ठेवता भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवावा.

बरेच जण दर रविवारी सगळे पाणी ओतून टँक घासूनपुसून लख्ख करतात. मासे दगावतात ते याच हौसेपायी. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांतून अमोनिया हे विष तयार होते. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक असे नायट्रेट करतात. हे जिवाणू जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून नव्या टँकमध्ये सुरुवातीला दोन-चारच मासे सोडावेत. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात. तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळावा. एवढ्या टँकला ताशी सुमारे १००० लिटर पाणी फिरवणारा फिल्टर लागतो.

आता हिशेब पाहा. दर आठवड्याला सगळे पाणी बदलले तर महिन्याला १००० लिटर जाते. पाचवा हिस्सा, म्हणजे ५० लिटर बदलले तर २०० लिटरमध्ये भागते. ८०० लिटर वाचले! काढलेले पाणीही नालीत ओतू नये. त्यातले नायट्रेट कढीपत्ता, पपई यांना खतच आहे. नवे नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच घालावे.

उन्हाळ्यात नांदेड-लातूरचा पारा चाळिशीपार जातो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात वीज गेली की फिल्टरही थांबतो. अशा वेळी बॅटरीचा हवापंप लावावा. तो नसेल तर टँकचेच पाणी मगाने वरून पुन्हा पुन्हा ओतावे. वीज बऱ्याच तासांनी आली तर फिल्टरमधले साचलेले पाणी फेकून मगच तो सुरू करावा. टँकमध्ये हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढावेत. मुलांना हे आधी शिकवावे.

मासे नकोसे झाले तर गोदावरीत किंवा मांजरेत सोडू नयेत. परके मासे नदीतल्या माशांचे अन्न व जागा बळकावतात. ते दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत.

पाणी कधी व किती बदलले, स्पंज कधी पिळला, याची नोंद मुलामुलींनी वहीत ठेवावी. मासे जगतील, आणि पाणी मोजून वापरायची सवय घराला लागेल.