लिंक एक, ब्राउझर तीन! सेवा केंद्रापासून हॉस्टेलपर्यंत छळणारा हा गुंता काय? ‘ब्राउझर निवडणाऱ्या’ युटिलिटी नेमकं काय करतात?

बडनेरा : बडनेऱ्याची नवी वस्ती असो की जुनी, आपले सरकार सेवा केंद्रातल्या संगणकाच्या खालच्या पट्टीकडे एकदा नीट पाहा. क्रोम, एज, फायरफॉक्स असे तीन ब्राउझर तिथं ओळीनं बसलेले दिसण्याची शक्यता मोठी आहे. ही हौस नसते. एका ब्राउझरमध्ये बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राची सेटिंग बसवलेली असते, दुसऱ्यात डिजिटल सहीचं टोकन चालतं, तिसरा ग्राहकाचा ई-मेल उघडायला ठेवलेला असतो. केंद्रचालकाच्या डोक्यात हा नकाशा पक्का असतो. संगणकाला मात्र त्याचा पत्ता नसतो. व्हॉट्सअॅपवर किंवा मेलमध्ये आलेल्या लिंकवर क्लिक केलं की ती ‘डीफॉल्ट’ ब्राउझरमध्येच उघडणार, मग तिथं लॉगिन असो वा नसो.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सकाळपासून थांबलेल्या माणसासाठी ही बारीक गोष्ट नाही. लिंक चुकीच्या ब्राउझरमध्ये उघडली की पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी आणि पुन्हा रांग. याच अडचणीवर काही छोट्या डेस्कटॉप युटिलिटी उपाय देतात. लिंकवर क्लिक होताच त्या मध्ये येऊन विचारतात, ‘कुठं उघडू?’ काम एवढंच. तरी या युटिलिटींकडे येणाऱ्या मागण्या आणि तक्रारींची यादी संपत नाही. असं का, ते समजून घेऊया.

मुळात एवढे ब्राउझर लागतातच कशाला?

याचं उत्तर जुन्या तंत्रज्ञानात आहे. अनेक सरकारी आणि निमसरकारी संकेतस्थळांवर डिजिटल सहीचं काम पूर्वी जावा अॅप्लेटवर चालायचं. हे अॅप्लेट ज्या प्लगइन पद्धतीवर उभे होते, ती पद्धत क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये कायमची काढली. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सनंही आवृत्ती ५२ पासून तेच केलं. उरला इंटरनेट एक्सप्लोरर. मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ रोजी त्याचा आधार काढला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडोज १० वर तो थेट बंदच केला. आता त्याची जागा एजमधल्या ‘आयई मोड’नं घेतली आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचं आश्वासन कंपनीनं दिलं आहे.

यात एक मेख आहे, ती फार कमी जणांना ठाऊक असते. एजमध्ये एखादं संकेतस्थळ हातानं ‘आयई मोड’च्या यादीत टाकलं, तर ती नोंद ३० दिवसांनी आपोआप संपते. महिनाभर बिनबोभाट चाललेलं संकेतस्थळ एका सकाळी रुसतं आणि केंद्रचालक इंटरनेटवाल्याला फोन लावतो. इंटरनेटवाल्याचा यात काही दोष नसतो.

बोटाच्या ठशाची गोष्ट वेगळी. आधारशी जोडलेल्या यंत्राचा एक छोटा प्रोग्रॅम त्याच संगणकावर चालू असतो. ‘आरडी सर्व्हिस’ म्हणतात ती हीच. वेबपान ब्राउझरमार्फत या प्रोग्रॅमशी बोलतं. बाहेरच्या पानानं संगणकाच्या आतल्या प्रोग्रॅमशी बोलणं हा सुरक्षेच्या दृष्टीनं नाजूक मामला आहे, त्यामुळे ब्राउझर कंपन्या त्यावरचे नियम आवळत असतात. एकदा जमलेली सेटिंग मोडू नये म्हणून एक ब्राउझर फक्त त्याच कामासाठी राखून ठेवायचा, हा त्यावरचा व्यवहारी तोडगा.

ब्राउझर निवडणारी युटिलिटी काम कशी करते?

ही युटिलिटी विंडोजला ‘मीच ब्राउझर आहे’ असं सांगते. म्हणजे एक प्रकारे सोंगच घेते. वापरकर्त्यानं तिला डीफॉल्ट केलं, की प्रत्येक लिंक आधी तिच्या हाती येते. मग ती तुम्ही आखून दिलेले नियम पाहते. पत्त्यात अमुक शब्द असेल तर एज, तमुक असेल तर फायरफॉक्स. नियम सापडला नाही, तर छोटी खिडकी उघडून विचारते. विंडोजसाठी ब्राउझर टेमर आणि ब्राउझर पिकर, मॅकसाठी चूझी, फिनिकी आणि वेल्जा, लिनक्ससाठी जंक्शन ही यातली ओळखीची नावं. काही मोफत आहेत, काहींचा कोड सर्वांसाठी खुला आहे.

लोक सर्वाधिक काय मागतात?

पहिली मागणी बहुतेक वेळा प्रोफाइलची असते. ब्राउझर एकच, पण त्यात घरचं एक खातं आणि कामाचं दुसरं. बडनेऱ्याच्या प्रा. राम मेघे अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याचं उदाहरण घ्या. कॉलेजच्या मेलवर आलेली असाइनमेंटची लिंक वैयक्तिक खात्यात उघडली, की समोर ‘तुम्हाला परवानगी नाही’ अशी पाटी. तेव्हा ‘क्रोम’ एवढं सांगून भागत नाही, ‘क्रोममधलं कॉलेजचं प्रोफाइल’ असं सांगता यायला हवं.

ऐकायला सोपं, करायला किचकट. तुम्ही प्रोफाइलला ‘कॉलेज’ नाव दिलं, तरी क्रोम आपल्या फोल्डरला ‘प्रोफाइल १’, ‘प्रोफाइल २’ असंच म्हणतो. कोणतं नाव कोणत्या फोल्डरचं, हे युटिलिटीला क्रोमच्या एका अंतर्गत फाइलमधून वाचावं लागतं. फायरफॉक्सची पद्धत पुन्हा निराळी. उद्या कंपनीनं फाइलची रचना बदलली, की युटिलिटीत बिघाड आलाच.

दुसरी मागणी खासगी खिडकीची, आणि सेवा केंद्रासाठी हीच सर्वांत मोलाची आहे. दिवसभरात अनेक जणांचे मेल, डिजिलॉकर, बँकेचे संदेश एकाच संगणकावर उघडतात. आधीच्या ग्राहकाचं खाते उघडं राहिलं आणि पुढच्याचा दाखला त्यात जाऊन पडला, तर निस्तरताना नाकी नऊ येतात. ‘मेलची लिंक नेहमी खासगी खिडकीतच उघड’ असा नियम लावता आला, तर खिडकी बंद होताच लॉगिनही पुसलं जातं. मात्र डाउनलोड केलेली फाइल संगणकावर तशीच राहते. ती हातानंच काढावी लागते.

बाकी मागण्याही रोजच्या कामातूनच येतात. लिंक कोणत्या अॅपमधून आली त्यावर ब्राउझर ठरावा. माऊसऐवजी कीबोर्डवरच्या आकड्यानं निवड व्हावी. खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर न उघडता कर्सरपाशी उघडावी. लहान केलेली लिंक आधी उलगडून खरा पत्ता दाखवावा. ही शेवटची मागणी वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. पीक विम्याच्या किंवा शिष्यवृत्तीच्या नावाखाली येणारी फसवी लिंक उघडण्याआधीच पत्ता डोळ्यांसमोर आला, तर सावध व्हायला एक क्षण मिळतो.

मग बिघाड कुठं होतात?

काही गमतीदार आहेत. युटिलिटी स्वतःची नोंद ‘ब्राउझर’ म्हणून करते, त्यामुळे संगणकावरचे ब्राउझर शोधताना तिला तीच सापडते! यादीतून ती वगळली नाही आणि कुणी तीच निवडली, तर लिंक फिरून तिच्याकडेच येते आणि खिडक्यांमागून खिडक्या उघडत राहतात.

दुसरा बिघाड ‘&’ या चिन्हाचा. अर्ज क्रमांक, वर्ष, जिल्हा अशी माहिती वेबपत्त्यात या चिन्हानं जोडलेली असते. विंडोजच्या कमांड ओळीत मात्र त्याच चिन्हाचा अर्थ ‘इथं एक आज्ञा संपली, दुसरी सुरू’ असा होतो. युटिलिटीनं पत्ता अवतरणात न गुंडाळता पुढे ढकलला, तर तो तिथंच तुटतो. पान उघडतं, पण अर्ध्या पत्त्याचं. वापरकर्त्याला वाटतं संकेतस्थळच बंद आहे. अशी चूक पकडणं अवघड, कारण साध्या लिंकवर ती दिसतच नाही.

मराठी वाचकांच्या जवळचा प्रश्न देवनागरी पत्त्यांचा आहे. ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. पण इंटरनेटच्या यंत्रणेत देवनागरी नाव थेट चालत नाही, ते इंग्रजी अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात बदलून पाठवलं जातं. तुम्ही नियम देवनागरीत लिहिला आणि युटिलिटीपर्यंत पत्ता सांकेतिक रूपात आला, तर दोन्हींची गाठ पडत नाही. असा घोळ परदेशात बसलेल्या विकासकाच्या लक्षात येण्याची शक्यता कमी. तो इथूनच कुणीतरी कळवावा लागतो.

‘ब्राउझरच्या आतल्या लिंकवर क्लिक केलं तर युटिलिटी विचारतच नाही’ ही तक्रार मात्र बिघाड नाही. पानावरची लिंक ब्राउझर स्वतःच उघडतो, ती विंडोजकडे जातच नाही. त्यासाठी ब्राउझरमध्ये वेगळं एक्स्टेंशन टाकावं लागतं. आयई मोडचंही तसंच. एज उघडून देणं युटिलिटीच्या हातात आहे, एजमधली यादी सांभाळणं तिचं काम नाही.

विंडोज वारंवार आडवं का येतं?

इथं बिघाड कोडचा कमी आणि धोरणाचा जास्त. विंडोज ८ पासून डीफॉल्ट ब्राउझरची नोंद एका गुप्त पडताळणी आकड्यासह साठवली जाते. बाहेरच्या प्रोग्रॅमनं ती परस्पर बदलली, तर आकडा जुळत नाही आणि विंडोज बदल मानत नाही. लबाड प्रोग्रॅमनी ब्राउझर पळवू नये, हा यामागचा हेतू रास्तच. पण प्रामाणिक युटिलिटीही त्याच कचाट्यात सापडते. ती फार तर सेटिंगचं पान उघडून देऊ शकते, बाकीचं वापरकर्त्यानं करायचं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, तेव्हा तर प्रत्येक प्रकारच्या फाइल आणि लिंकसाठी डीफॉल्ट वेगवेगळा बदलावा लागे. ओरड झाली. मार्च २०२२ च्या अपडेटमध्ये एका बटणाची सोय परतली, पण ओरड होईपर्यंत ती काढून ठेवण्याचं पटणारं कारण दिसत नाही.

टास्कबारमधला शोध आणि विजेट यांच्या लिंकना तर एक खास उपसर्ग जोडलेला असतो, त्यामुळे डीफॉल्ट काहीही असला तरी त्या एजमध्येच उघडतात. डॅनियल अलेक्झांडरसन यांनी बनवलेलं एजडिफ्लेक्टर नावाचं छोटं साधन या लिंक वळवून देत असे. २०२१ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनं ती वाट बंद केली आणि त्यांनी ते काम थांबवलं. एका माणसाच्या फावल्या वेळातल्या श्रमांवर चालणाऱ्या साधनाची अवस्था अशी असते.

युरोपात चित्र वेगळं आहे. तिथं २०१० पासून काही वर्षं विंडोजला ब्राउझर निवडीचा पडदा दाखवावा लागला. मध्यंतरी तो दिसेनासा झाला, म्हणून मार्च २०१३ मध्ये युरोपीय आयोगानं मायक्रोसॉफ्टला ५६ कोटी १० लाख युरोचा दंड ठोठावला. आता तिथल्या डिजिटल बाजार कायद्यामुळे २०२४ पासून वापरकर्त्याला एज काढूनही टाकता येतो. बडनेऱ्यातल्या संगणकाला ही मुभा नाही, विंडोज तेच असलं तरी.

भारतानं दुसरी वाट धरली. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये देशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली. भारतीय डिजिटल प्रमाणपत्रांवर आपसूक विश्वास ठेवणं आणि टोकन लावून ब्राउझरमध्येच सही करता येणं, या त्यातल्या अपेक्षा होत्या. मार्च २०२५ मध्ये झोहो कॉर्पोरेशनला एक कोटी रुपयांचं पहिलं बक्षीस मिळालं. सहीसाठी वेगळा ब्राउझर राखण्याची गरज त्यातून खरंच संपली, तर सेवा केंद्रांचं काम हलकं होईल. तोवर पट्टीवर आणखी एका चिन्हाची भर, एवढंच.

युटिलिटी टाकताना काय पाहावं?

ही युटिलिटी तुम्ही उघडलेली प्रत्येक बाहेरची लिंक पाहते, पासवर्ड बदलण्याचीसुद्धा. त्यामुळे ती मूळ निर्मात्याच्या अधिकृत पानावरून किंवा विंडोजच्या स्टोअरमधूनच घ्या. पेनड्राइव्हवरून आलेली, ‘क्रॅक’ केलेली नको. शेवटचं अपडेट कधीचं आहे, तेही पाहा. केंद्रात टाकत असाल तर रविवारी टाकून दोन-चार लिंक तपासा, दाखल्यांच्या गर्दीत प्रयोग नको.

बिघाड सापडला तर कळवायचा कसा?

‘चालत नाही’ एवढ्यावर विकासक काहीच करू शकत नाही. विंडोजची आवृत्ती, युटिलिटीची आवृत्ती, ब्राउझर कोणता, लिंक कुठून उघडली, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं क्रमानं लिहा. सोबत स्क्रीनशॉट द्या, पण त्यात ग्राहकाचं नाव, आधार क्रमांक किंवा अर्जाचा पत्ता दिसणार नाही याची काळजी घ्या. आपलीच तक्रार आधी कुणी नोंदवली आहे का, ते शोधा. असेल तर नवी न टाकता तिच्यातच आपली माहिती जोडा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, पायऱ्या बरोबर हव्यात.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी तर ही चांगली संधी आहे. अशा खुल्या प्रकल्पांचा कोड आवाक्यातला असतो आणि देवनागरी पत्त्याचा घोळ तपासून पाहायला मराठी येणाराच माणूस बरा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर हॉस्टेलजवळच्या सेवा केंद्रात तासभर उभं राहून केंद्रचालक कोणती लिंक कोणत्या ब्राउझरमध्ये नेऊन टाकतो, ते नुसतं लिहून काढा. नियमांची पहिली यादी तिथंच तयार होईल.