मानेतली डायलिसिसची नळी: धोका कुठे, काळजी काय?

डायलिसिस तातडीने लागले, की मानेतल्या मोठ्या शिरेत नळी बसवतात. हातावरचा फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला साधारण ६ आठवडे लागतात. तोवर इंदापूर ते बारामती असा सुमारे ५० किलोमीटरचा प्रवास रुग्णाला नळीसह करावा लागू शकतो.

धोके कोणते?
बसवताना सुई धमनीत जाऊ शकते किंवा फुप्फुसाला टोचू शकते. सोनोग्राफीत शीर पाहत सुई घातल्यास धोका घटतो. पुढे गुठळी होऊ शकते, जंतू थेट रक्तात जाऊ शकतात.

घरी काय कराल?
ड्रेसिंग कोरडे ठेवा. टोपण उघडू नका. शिरेत हवा गेल्यास जिवावर बेतते. थंडी वाजून ताप आल्यास पुढच्या डायलिसिसपर्यंत थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

डॉक्टरांना विचारा: नळी कधी निघणार?