रस्त्याच्या कडेची शर्यत

युरोपातील नामांकित सायकल-शर्यत पाहण्यासाठी रस्त्याच्या कडेला तासन्‌तास तिष्ठत उभे राहणे हा निव्वळ कालापव्यय होय, कारण स्वार आले आले म्हणेपर्यंत दिसेनासे होतात आणि दूरचित्रवाणीवर तेच सारे घरबसल्या अधिक चांगले दिसते, हा समज पुष्कळ सुज्ञांच्याही मनात पक्का बसलेला आहे. सपाट प्रदेशापुरता तो खराही आहे. ताशी ४५ कि.मी. वेगाने धावणारा दीड-पावणेदोनशे स्वारांचा जथा तेथे मिनिटभरात नजरेआड होतो. परंतु मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याचा शिरस्ता ज्यांस ठाऊक आहे, त्यांना शर्यतीचा खरा निवाडा कोठे होतो हे निराळे सांगावयास नको.

आल्प्समधील आल्प द्युएझ हा सुमारे १४ कि.मी. लांबीचा आणि २१ वळणांचा घाट १९५२ साली टूर द फ्रान्सच्या मार्गात प्रथम आला व त्या दिवशी इटलीचा फाउस्तो कोप्पी विजयी झाला. अशा चढावर वेग मंदावतो, पुढच्याच्या आडोशाने वारा चुकविण्याचा लाभ फारसा उरत नाही आणि जथा फुटून स्वार एकेकटे, दोघे-तिघे असे येऊ लागतात. मग हातभर अंतरावरून त्यांच्या पोशाखावर वाळलेल्या घामाचे पांढरे डाग दिसतात, धापा ऐकू येतात, आणि पाण्याच्या बाटल्या अंगरख्यात कोंबून आपल्या म्होरक्याकडे निघालेला एखादा सेवाभावी सहकारीही दृष्टीस पडतो. शर्यत वैयक्तिक असते, हा दुसरा भ्रम त्या एका दर्शनाने दूर व्हावा. आघाडीवर खिळलेला कॅमेरा ज्यांच्याकडे क्वचितच वळतो, ते सपाटीवरचे वेगवान वीर तर विजेत्याच्या वेळेवरून ठरणाऱ्या मुदतीत पोचण्यासाठी एकमेकांना धरून, कित्येकदा अर्ध्या तासाने, वर येतात. माझ्या मते सर्वांत पाहण्याजोगे तेच.

स्वार एकदाच दिसतात, हेही सर्वत्र खरे नाही. १९१३ साली सुरू झालेल्या फ्लँडर्सच्या शर्यतीत आउडे क्वारेमाँट ही फरसबंद चढण अलीकडे पुरुषांना तीनदा चढावी लागते.

तिकिटाची धास्तीही अनाठायी आहे, कारण समाप्तिरेषेजवळचे राखीव मंडप वगळता टूरच्या रस्त्याची कड सर्वांना विनामूल्य मोकळी असते. शिवाय १९३० पासून स्वारांच्या पुढे जाणारा जाहिरातदारांचा काफिला टोप्या आणि खाऊ उधळीत जातो तो वेगळाच. मात्र या मोकळिकीचा अर्थ वाटेल ते करण्याची मुभा असा नव्हे. २०२१ च्या टूरमध्ये कॅमेऱ्याकडे पाहत फलक पुढे धरणाऱ्या एका स्त्रीमुळे डझनावारी स्वार कोसळले आणि पुढे न्यायालयाने तिला दंड ठोठावला.

तेव्हा प्रथमच जाणाऱ्याने रस्ता बंद होण्यापूर्वी घाटातील एखादे उभ्या चढाचे वळण गाठावे आणि शेवटचा स्वार वर गेल्यावाचून जागा सोडू नये.