मैदानावरील मुलांची राखण

इंग्लंडमधील क्रू हे मूळचे रेल्वेचे गाव. तेथील क्रू अलेक्झांड्रा हा फुटबॉल क्लब आकाराने लहान. परंतु होतकरू मुले घडवणारा क्लब म्हणून त्याचा लौकिक मोठा. आपल्या मुलाची तेथे निवड झाली की आईवडिलांच्या आनंदाला पारावार राहत नसे. अँडी वुडवर्ड हा असाच एक मुलगा. अकराव्या वर्षी तो बॅरी बेनेल या प्रशिक्षकाच्या नजरेत भरला आणि पुढे व्यावसायिक खेळाडूही झाला. मात्र भीतीच्या तीव्र झटक्यांनी त्याची कारकीर्द एकोणतिसाव्या वर्षीच संपली. त्यामागचे कारण वुडवर्ड यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये 'द गार्डियन' या दैनिकाच्या मुलाखतीत स्वतःच्या नावानिशी सांगितले. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्या प्रशिक्षकाने बालवयात अनेक वर्षे त्यांचे लैंगिक शोषण केले होते.

मौनाचा बांध फुटला. एकामागून एक माजी खेळाडू पुढे आले. फुटबॉल संघटनेच्या साहाय्याने एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेने सुरू केलेल्या मदतवाहिनीवर पहिल्याच आठवड्यात ८६० दूरध्वनी आले. बेनेल याला १९९० च्या दशकात अमेरिकेत व इंग्लंडमध्ये शिक्षा झालेली होतीच. २०१८ मध्ये १२ मुलांवरील ५० गुन्ह्यांबद्दल त्याला ३१ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. २०२३ मध्ये तो तुरुंगातच मरण पावला.

हे इतकी वर्षे चालले कसे, हा प्रश्न कोणाही पालकाच्या मनात येईल. बेनेल हा अंधारात दबा धरून बसलेला अनोळखी माणूस नव्हता. तो मुलांचा लाडका होता, पालकांच्या आदरास पात्र ठरला होता. त्याच्या घरी खेळांची यंत्रे होती, चित्रविचित्र प्राणी पाळलेले होते. मुले शनिवार-रविवारी तेथे मुक्कामाला जात, आणि तीही आईवडिलांच्या संमतीने. संघात कोणाला घ्यायचे, कोणाला वगळायचे हे त्याच्या हाती होते. म्हणजे मुलाचे स्वप्नच त्याच्या मुठीत होते. अशा वेळी मूल बोलत नाही. बोललो तर खेळ सुटेल, कोणी विश्वास ठेवणार नाही, आईवडिलांचा हिरमोड होईल, अशा अनेक भीती त्याच्या मनात एकाच वेळी असतात. मोठ्यांच्या कानांवर कुजबूज येते. पण तिची नोंद करणे हे कोणाचेच काम नसते.

संघटनेने नेमलेले ज्येष्ठ विधिज्ञ क्लाइव्ह शेल्डन यांचा अहवाल मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७० ते २००५ या काळाचा त्यात धांडोळा आहे. पोलिसांच्या माहितीनुसार किमान २४० संशयित आणि ६९२ पीडित, हे त्यातील आकडे सुन्न करणारे आहेत. त्याहून बोचरा आहे तो एक निष्कर्ष. ऑक्टोबर १९९५ नंतर धोका पुरेसा स्पष्ट झालेला असूनही योग्य बालसंरक्षण व्यवस्था उभारण्यात संघटनेने मे २००० पर्यंत फारच दिरंगाई केली, असे शेल्डन यांनी म्हटले आहे. संघटनेने त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

आज इंग्लंडमधील प्रत्येक बाल व युवा क्लबमध्ये प्रशिक्षण घेतलेला एक कल्याण अधिकारी असावाच लागतो. मुलाने, पालकाने किंवा सहकाऱ्याने शंका कोणाकडे न्यावी, याचे उत्तर त्यामुळे आधीच ठरलेले असते. मुलांसोबत काम करणाऱ्यांच्या गुन्हेगारी पूर्वेतिहासाची पडताळणी होते. अर्थात, पडताळणीत सापडतो तो पूर्वी पकडला गेलेलाच, हेही ध्यानात ठेवावे लागते. म्हणून रोजच्या साध्या शिस्तीचे मोल अधिक. प्रशिक्षकाने एकट्या मुलाला गाडीतून नेऊ नये. दौऱ्यावर मुलांच्या खोलीत मुक्काम करू नये. मुलाला खासगी संदेश पाठवू नयेत. निरोप द्यायचाच तर पालकांनाही तो दिसावा. जून २०२२ पासून तेथील कायद्यानेही एक पळवाट बुजवली. सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूशी प्रशिक्षकाने ठेवलेला लैंगिक संबंध, मग त्याला संमती असो वा नसो, गुन्हा ठरला.

असे नियम सज्जन प्रशिक्षकाचा अपमान करतात, अशी तक्रार कधी कधी ऐकू येते. बँकेत काम करणाऱ्यांना तिचे उत्तर सांगावयास नको. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. त्यामुळे त्यांपैकी कोणाच्याही सचोटीवर शंका घेतली, असे कोणी मानत नाही. उलट, उद्या काही बालंट आलेच तर प्रामाणिक माणसाला त्याच व्यवस्थेचा आधार मिळतो. मुलांच्या बाबतीत मात्र 'ते तर आपल्या घरचेच' एवढ्यावर आपण निर्धास्त होतो, हे नवलच.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा नाही. नवी मुंबई, मडगाव व भुवनेश्वर येथे २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा झाली. तिच्या काही महिने आधी, युरोप दौऱ्यावर असलेल्या भारतीय संघाच्या सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या कारणावरून परत बोलावून पदावरून दूर करण्यात आले होते.

आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला व मुलीला लागू आहे. असा गुन्हा घडल्याचे कळले, किंवा घडण्याची आशंका आली, तरी पोलिसांना कळवणे हे प्रत्येकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. त्यासाठी पुरावा गोळा करणे हे पालकाचे काम नव्हे. तपास पोलिसांनी करावयाचा असतो. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक निःशुल्क असून तो मूल स्वतःही फिरवू शकते. अकादमीच्या प्रवेश अर्जावर सही करताना शुल्क, गणवेश आणि सरावाच्या वेळा पालक बारकाईने विचारतात. सरावानंतर मुलांना घरी कोण सोडते, दौऱ्यावर त्यांच्यासोबत कोण राहते आणि तक्रार आली तर ती कोणाकडे जाते, हेही त्याच वेळी विचारता येते. उत्तर देताना जी संस्था चिडते, तेथे अर्ज भरण्यापूर्वी थोडे थांबलेले बरे.